कानातला ट्रान्सफॉर्मर कोण मोजणार?

‘पडदा चांगला आहे असं सांगितलंय. मग ऐकू का येत नाही?’ बाह्यरुग्ण विभागात महिन्यातून दोन-चारदा तरी हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याच्या मनात दोनपैकी एक शंका असते. एक तर आधीच्या डॉक्टरांनी नीट पाहिले नाही, किंवा घरच्यांना वाटते की हा ढोंग करतोय. बहुतेक वेळा दोन्ही खोटे असते. डॉक्टरांनी नीट पाहिलेले असते आणि रुग्णाला खरेच ऐकू येत नसते. अडचण एवढीच की कान पाहिला जातो, मोजला जात नाही. मी कानाचा तज्ज्ञ नाही. भूमसारख्या तालुक्याच्या गावी सरकारी रुग्णालयात काम करणारा फिजिशियन आहे, आणि जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंचा मला नाद आहे. त्या नादामुळे पाहणे आणि मोजणे यांतला फरक मला जरा जास्तच खुपतो. म्हणून आज कानाकडे जाताना वाट थोडी वाकडी करून रेडिओच्या पोटातून जाऊ.

व्हॉल्व्हच्या रेडिओचे मागचे पुठ्ठ्याचे झाकण काढले की स्पीकरजवळ लोखंडी पट्ट्यांचा एक छोटा ठोकळा दिसतो. तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. त्यावर तांब्याच्या तारेची दोन वेगळी गुंडाळी असतात. एकात केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे, दुसऱ्यात जाड तारेचे थोडे. बारीक तारेची बाजू, म्हणजे प्रायमरी, व्हॉल्व्हला जोडतात आणि जाड तारेची सेकंडरी स्पीकरला. हा मध्यस्थ कशाला, तर व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांचे स्वभाव जुळत नाहीत. ६व्ही६ हा एकेकाळी घराघरांतल्या रेडिओंत असलेला व्हॉल्व्ह घ्या. त्याला समोर सुमारे ५,००० ओहमचा भार लागतो. स्पीकर असतो ८ ओहमचा, कधी त्याहूनही कमी. व्हॉल्व्हकडे व्होल्टेज भरपूर पण प्रवाह चिमूटभर, स्पीकरला हवा असतो भरपूर प्रवाह. दोघे थेट जोडले तर आवाज जवळजवळ येतच नाही. या न जुळण्याला अभियंते इम्पीडन्सचा फरक म्हणतात.

शेतातला मोठा धोंडा हाताने हलत नाही, तोच पहारीने हलतो. आपला हात बराच खाली जातो आणि धोंडा बोटभरच उचलला जातो, पण जोर कित्येक पटींनी वाढलेला असतो. ट्रान्सफॉर्मर ही विजेची पहार आहे. प्रायमरीच्या २५ वेढ्यांमागे सेकंडरीचा १ वेढा असेल तर व्होल्टेज २५ पट उतरते आणि प्रवाह २५ पट वाढतो. इम्पीडन्स मात्र २५ गुणिले २५, म्हणजे ६२५ पटींनी बदलतो. त्यामुळे ८ ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला ६२५ गुणिले ८, म्हणजे बरोबर ५,००० ओहमचा भासतो. सगळी गंमत या वेढ्यांच्या गुणोत्तरात आहे. भजनी मंडळाच्या किंवा देवळावरच्या भोंग्यामागेही असाच एक लहान ट्रान्सफॉर्मर असतो. लांबवर तार ओढायची म्हणून ॲम्प्लिफायर १०० व्होल्टची लाइन पाठवतो आणि भोंग्यापाशी ते व्होल्टेज उतरवले जाते. ५ वॉटच्या जोडणीला गुणोत्तर साधारण १६ येते. ही जोडणी चुकली की भोंगा फाटक्या आवाजात ओरडतो, आणि ऑपरेटर काय करतो, तर आवाज आणखी वाढवतो!

आता जुन्या बाजारातून आणलेल्या, अक्षरे पुसलेल्या ट्रान्सफॉर्मरचे गुणोत्तर कसे काढायचे? नवशिक्याचा हात आधी मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेकडे जातो. ज्या बाजूवर ५,००० ओहम लिहिलेले असावे तिथे मीटर चारेकशे दाखवतो आणि ८ ओहमच्या बाजूवर अर्धा-पाऊण. तो घाबरतो, जळला म्हणतो. जळलेला नसतो. मीटर फक्त तांब्याच्या तारेचा साधा विरोध सांगत असतो. तार कुठे तुटलेली नाही, एवढेच त्यातून कळते. ट्रान्सफॉर्मर आपले काम किती करतो याचे उत्तर त्यात नाही.

खरी पद्धत साधी आहे. प्रायमरीला थोडे एसी व्होल्टेज द्यायचे, समजा घंटीच्या ट्रान्सफॉर्मरमधून १२ व्होल्ट, आणि त्याच वेळी सेकंडरीवर किती येते ते पाहायचे. ०.४८ व्होल्ट आले तर १२ भागिले ०.४८, गुणोत्तर २५. यातली खुबी अशी की दिलेले व्होल्टेज नेमके १२ असण्याची गरजच नाही. आमच्याकडे शेतीपंप सुरू झाले की २३० व्होल्टचे १९० होतात, पण दोन्ही टोके एकाच वेळी मोजली तर दोन्ही सारखीच उतरलेली असतात आणि गुणोत्तर जागचे हलत नाही. महागडे प्रमाणित यंत्र लागत नाही. तुलना लागते.

तरी एक काळजी घ्यावी लागते. स्वस्तातल्या पिवळ्या मल्टिमीटरची एसीची सर्वांत लहान पायरी बहुधा २०० व्होल्टची असते. त्यावर ०.४८ हे एक तर ०.५ दिसते, नाहीतर ०.४. दुसरे दिसले तर गुणोत्तर ३० येते, आणि वर्ग केल्यावर ५,००० च्या जागी ७,२०० ओहम. गुणोत्तरातली २० टक्क्यांची चूक इम्पीडन्समध्ये ४४ टक्के होते. मग एखादा हुशार माणूस तारा उलट जोडतो. १२ व्होल्ट सेकंडरीला देतो, म्हणजे पलीकडे मोठा, सहज वाचता येणारा आकडा मिळेल. मिळतो खरा, पण तो ३०० व्होल्टच्या आसपास असू शकतो आणि बोटे तिथेच असतात. डॉक्टर म्हणून सांगतो, हे करू नका. २ व्होल्टची पायरी असलेला मीटर आणा. चालू व्हॉल्व्ह रेडिओच्या आत तर शिकल्याशिवाय हात घालूच नये. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही काळ २५० व्होल्ट दबा धरून बसलेले असतात.

ट्रान्सफॉर्मरचा सर्वांत फसवा बिघाड म्हणजे आतल्या आत दोन-चार वेढे एकमेकांना चिकटणे. बाहेरून ठोकळा नवाकोरा दिसतो. ओहम मोजले तर फरक नावापुरता. रेडिओ मात्र मेल्यासारखा बोलतो. तो बिघाड सापडतो एसी देऊन दोन टोकांची तुलना केल्यावरच, कारण तेव्हा गुणोत्तर बिघडते, ठोकळा भलताच प्रवाह ओढतो आणि गरम होऊ लागतो.

असाच एक ट्रान्सफॉर्मर प्रत्येकाच्या कानात आहे. ही उपमा माझी नाही. कान-नाक-घशाच्या पाठ्यपुस्तकात ‘ट्रान्सफॉर्मर गुणोत्तर’ हाच शब्द आहे. आवाज येतो हवेतून आणि ऐकणारा भाग, गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला कॉक्लिया, भरलेला असतो द्रवाने. हवेतला आवाज थेट पाण्यावर आदळला तर त्यातली सुमारे ९९.९ टक्के ऊर्जा परत फिरते. विहिरीत बुडी मारलेल्या पोराला काठावरच्या हाका ऐकू येत नाहीत त्या यामुळेच. हे सुमारे ३० डेसिबलचे नुकसान भरून काढायला निसर्गाने मध्यकर्णात पडदा आणि तीन हाडे बसवली: हातोडी, ऐरण आणि रिकीब. पडद्याचा कंप पावणारा भाग साधारण ५५ चौरस मिलिमीटर, तर रिकिबीचा तळ ३.२ चौरस मिलिमीटर. म्हणजे १७ पट. हातोडीचा दांडा ऐरणीच्या दांड्यापेक्षा लांब, त्या पहारीचे १.३ पट. गुणाकार सुमारे २२. काही पुस्तके पडद्याचे परिणामकारक क्षेत्र वेगळे धरून हाच आकडा १८ देतात. डेसिबलमध्ये हा फरक जेमतेम दोनचा आहे, त्यामुळे मी त्यावर वाद घालत नाही.

कानाच्या या मोजमापांत ज्याने मोठी भर घातली तो गेऑर्ग फॉन बेकेशी मुळात डॉक्टर नव्हताच. बुडापेस्टमध्ये हंगेरीच्या टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत तो काम करत होता. टेलिफोनच्या साखळीतला शेवटचा दुवा माणसाचा कान, तेव्हा तोही तारेसारखा मोजला पाहिजे, अशी त्याची दिशा होती. मृतदेहांच्या कानांवर त्याने ती मोजमापे केली. १९६१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्याला मिळाले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. पडदा चांगला असूनही ऐकू का येत नाही? कारण पडदा हे फक्त ट्रान्सफॉर्मरचे एक टोक आहे. पडद्याला भोक असेल तर भोकाच्या आकारानुसार १० ते ४० डेसिबलचे नुकसान होते. पडद्याला भोकही आहे आणि हाडांची साखळीही तुटली आहे, अशा कानात ते सुमारे ३८ डेसिबल असते. आणि साखळी तुटली आहे पण पडदा मात्र अखंड आहे, अशा कानात? ५४ डेसिबल. पडदा शाबूत असलेला कान जास्त बहिरा! कारण भोकातून निदान थोडा आवाज आत शिरतो, अखंड पडदा तोही अडवतो. टॉर्चच्या उजेडात मात्र पहिला कान वाईट दिसेल आणि दुसरा ठीक. रिकीब जागच्या जागी घट्ट बसणे, म्हणजे ओटोस्क्लेरोसिस, हाही असाच प्रकार. पडदा बहुधा सुरेख दिसतो आणि ऐकू येणे वर्षागणिक कमी होत जाते. विशी-तिशीतला असा रुग्ण कधी कधी सांगतो, ‘एसटीत बरं ऐकू येतं, घरात नाही.’ घरच्यांना तो थापाड्या वाटतो. तो खरे बोलत असतो. एसटीत गोंगाटामुळे शेजारचा माणूस मोठ्याने बोलतो, आणि याला तो गोंगाट कमीच ऐकू येतो.

याचा शोध लावायला मोठे यंत्र लागते का? निदान पहिल्या पायरीला तरी नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा नादकाटा लागतो, सेकंदाला ५१२ कंपने करणारा. काही शे रुपयांत मिळतो. १८५५ मध्ये रिने नावाच्या जर्मन डॉक्टरने सांगितलेली चाचणी आजही तशीच चालते. काटा वाजवून त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवायचा, मग तोच काटा कानाच्या भोकासमोर धरायचा आणि विचारायचे, कुठे मोठा वाटला? हाडावरून जाणारा आवाज पडदा आणि तीन हाडे टाळून थेट कॉक्लियात पोहोचतो. हवेतून जाणारा आवाज ट्रान्सफॉर्मरमधून जातो. निरोगी कानात समोरचा मोठा वाटतो, कारण ट्रान्सफॉर्मर त्याला जोर देतो. मागचा मोठा वाटला तर ट्रान्सफॉर्मर काम करत नाही. रेडिओच्या बाकावर जे केले तेच हे आहे. तोच आवाज, तोच माणूस, तीच वेळ, आणि दोन टोकांची तुलना. काटा किती जोरात वाजला याने फारसे बिघडत नाही, जसे शेतीपंप सुरू झाल्याने गुणोत्तराचे बिघडत नव्हते.

याची चुणूक घरीही घेता येते. एका कानात बोट घालून तोंड मिटून ‘म्’ असे गुणगुणा. आवाज बंद केलेल्या कानाकडे सरकेल. वेबर या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाच्या चाचणीचा पाया हाच आहे.

नादकाट्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर लोक त्याला रामबाण समजतील. साधारण वीस-पंचवीस डेसिबलच्या आतला दोष त्यात निसटतो. चार वर्षांच्या पोराला ‘कुठे मोठा’ हे सांगता येत नाही. एक कान पूर्ण मेलेला असेल तर दुसरा कान हाडावरचा आवाज चोरून ऐकतो आणि आपली फसगत होते. मिरवणुकीतल्या डीजेने झालेला बहिरेपणा तर त्यात दिसणारच नाही, कारण तिथे ट्रान्सफॉर्मर शाबूत असतो आणि जळतो तो पुढचा भाग, कॉक्लियातल्या नाजूक पेशी. त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यासाठी ऑडिओमीटर लागतो. मात्र ट्रान्सफॉर्मरचा दोष आणि नसेचा दोष वेगळे काढणे, हे नादकाटा मिनिटभरात करतो. आणि यातला पहिला पुष्कळदा बरा होतो.

हे सगळे सांगण्याचे कारण मागच्या बाकावरचा मुलगा. सर्दी-पडसे आणि नाकामागच्या वाढलेल्या ग्रंथींमुळे अनेक लहान मुलांच्या मध्यकर्णात चिकट द्रव साचतो. कान दुखत नाही, वाहत नाही, पडद्याला भोक नसते. वीस-तीस डेसिबल कमी ऐकू येते. समोर बसून बोलले की त्याला कळते, म्हणून आई म्हणते, ऐकू येतं की! वर्गात बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या की त्याच्यापर्यंत शब्दांचे तुकडे पोहोचतात. ‘त’ आणि ‘प’ सारखेच वाटतात. शुद्धलेखनात चुका होतात. हळूहळू त्याचे लक्ष नसते, तो हट्टी आहे, तो ढ आहे, अशी चढत्या क्रमाने पदवी मिळते. दुसरीकडे, ज्याचा कान वर्षानुवर्षे वाहतो त्याचे तर आपल्याकडे कुणाला काही वाटतच नाही. ‘कान फुटलाय, मोठेपणी थांबेल’, असे आजी म्हणते आणि त्यात गरम तेल ओतते. ते तेल, काडी, पिन, बाजारातला कान कोरणारा, यांतले काहीही कानात जाऊ नये.

सरकारी कार्यक्रम नाहीत असे नाही. बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासून आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तर सुरुवातच २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून झाली, आणि त्याच्या यादीत श्रवणदोषही आहे, कान वाहणेही आहे. पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातात. ही भेट ही फार मोठी संधी आहे. माझे म्हणणे एवढेच की तपासणाऱ्याच्या पिशवीत टॉर्चसोबत ५१२ चा नादकाटा असावा, आणि सहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाच्या नोंदीत ‘कान ठीक’ याऐवजी उजवा आणि डावा असे दोन रकाने असावेत: आवाज पुढे मोठा की मागे. ‘ठीक’ हा शब्द मला तपासणीच्या कागदावर बघवत नाही. त्यात कुणी काय केले हे कळत नाही.

एका मुलामागे दोन मिनिटे वाढतील आणि पटावर तीनशे मुले असतील तर दिवस जाईल, हा आक्षेप खरा आहे. मग सगळ्यांची करू नका. बाईंनी ज्यांना लक्ष न देणारी म्हटले त्यांची आणि ज्यांचा कान कधी वाहिला आहे त्यांची आधी करा. काम बरेच आटोक्यात येईल. त्याहून लहान मुलांसाठी तालुक्याच्या रुग्णालयात टिंपॅनोमीटर हवा. तो कानाच्या भोकात हवेचा दाब कमी-जास्त करत एक बारीक आवाज सोडतो आणि पडद्यावरून तो किती परत येतो ते मोजतो. मुलाला काहीच सांगावे लागत नाही. या तपासणीचे जुने नाव इम्पीडन्स ऑडिओमेट्री, रेडिओवाल्यांचाच शब्द. पडद्यामागे द्रव असेल तर आलेख डोंगरासारखा न येता सपाट येतो. यंत्राची किंमत लाखाच्या पुढे जाते, हे मान्य. पण भूमच्या एखाद्या वस्तीवरच्या मजुराने फक्त या पाच मिनिटांच्या तपासणीसाठी रोज बुडवून पोराला बार्शीला किंवा धाराशिवला न्यायचे, तर त्याचाही खर्च कुठे तरी मांडला पाहिजे. आज तो कुणाच्याच हिशेबात येत नाही. म्हणून जाणेच होत नाही.

तोवर पालकांनी आणि शिक्षकांनी करायचे ते असे. मूल टीव्हीचा आवाज सारखा वाढवत असेल, हाक मारल्यावर ‘काय?’ दोनदा विचारत असेल, एकाच बाजूने कान देत असेल, तर ‘पडदा कसा आहे’ एवढ्यावर न थांबता ‘ऐकू किती येतंय ते मोजलं का’ असे डॉक्टरांना विचारा. विचारल्याचा राग मानणारा डॉक्टर विरळा. द्रव साचलेला आढळला तर घाबरून लगेच शस्त्रक्रियेकडे धावायचे नाही, बऱ्याच मुलांत तो आपोआप ओसरतो. मुलाला पहिल्या बाकावर बसवायचे, त्याच्याकडे तोंड करून बोलायचे आणि तीन महिन्यांनी कान पुन्हा मोजायचा. त्या वेळीही काटा मागेच मोठा वाजत असेल किंवा आलेख सपाटच असेल, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचे, आणि जाताना दोन्ही वेळची नोंद केलेला कागद सोबत न्यायचा.